टोकन नाशिकला, सही पुण्यात: लिनक्सवर यूएसबी नेटवर्कवरून जोडताना

आलेला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका सीए ऑफिसात रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक चोवीस तास चालू असतो. त्याला चार वस्तू लावायच्या आहेत: कॅननचा जुना एलबीपी २९०० प्रिंटर, एक स्कॅनर, २ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणि डिजिटल सहीचं टोकन. विचारणारे आठवड्यातले तीन दिवस पुण्यातून काम करतात, लॅपटॉपवर उबुंटू आहे, आणि टोकन आजवर दोनदा नाशिकलाच राहून गेलंय. तर या चारही यूएसबी वस्तू नेटवर्कवर टाकून पुण्यातून वापरता येतील का?

येतील. पण चारही टाकू नका. दोन वस्तूंसाठी यूएसबी नेटवर्कवर न्यायची गरजच नाही, तिसरीसाठी नाइलाज झाला तरच, आणि एका टोकनासाठी मात्र दुसरा मार्ग नाही. (यापुढे त्या खोक्याला नुसतं रास्पबेरी म्हणतो, ‘पाय’ म्हटलं की वाक्यं लंगडतात. आज्ञाही उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

प्रिंटर शेअर करायचा म्हणतो तेव्हा आपल्याला हवं असतं छापणं. यूएसबीच्या वायरीशी आपलं काही देणंघेणं नसतं. छापणं शेअर करायला कप्स आहे. ते रास्पबेरीवर बसतं, ६३१ पोर्टवर ऐकतं आणि ऑफिसातल्या दहा जणांच्या कामांची रांग लावतं. स्कॅनरसाठी सेन आहे, त्याचा सर्व्हर ६५६६ पोर्टवर चालतो. डिस्कसाठी सांबा किंवा एनएफएस. वजनकाट्यासारखी सिरियल वस्तू असती तर सेर२नेट सांगितलं असतं. या सगळ्यांत वस्तूचा ताबा रास्पबेरीकडेच राहतो, नेटवर्कवरून फक्त काम येतं-जातं. नेटवर्क तुटलं तर तेवढं काम अडतं, वस्तूला काही होत नाही.

यूएसबी नेटवर्कवर नेणारं लिनक्सचं साधन म्हणजे यूएसबीआयपी. त्याचं उलट आहे. ते वायरच पुण्यापर्यंत ओढत नेतं. टोकन खोचलेलं नाशिकला, पण ताबा पुण्यातल्या लॅपटॉपकडे. तेवढा वेळ रास्पबेरीला ते वापरता येत नाही, ऑफिसातल्या इतर कुणालाही नाही. एका वेळी मालक एकच. त्यामुळे ‘शेअर’ हा शब्द इथे फसवा आहे. शेजाऱ्याला घराची किल्ली देण्यासारखा हा प्रकार: किल्ली त्याच्याकडे असेपर्यंत तुम्ही बाहेर.

मग हे वापरायचं कुठे? जिथे सॉफ्टवेअर हटून बसतं की मला ती वस्तू माझ्याच मशीनला खोचलेली दिसली पाहिजे. सहीचं टोकन, लायसन्सचा डोंगल, चिपमध्ये फर्मवेअर भरायचा प्रोग्रामर. तुमच्या यादीतला एलबीपी २९०० हाही एका विचित्र कारणाने या पंक्तीत येऊन बसतो, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता आत काय चालतं ते. यूएसबीआयपीची सुरुवात जपानमधल्या नारा विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेत झाली. ताकाहिरो हिरोफुची आणि सहकाऱ्यांनी २००५च्या यूझनिक्स परिषदेत त्यावर निबंध वाचला. २००८ साली २.६.२८ कर्नलच्या (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) स्टेजिंग विभागात, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या कोडच्या कप्प्यात, ते आलं आणि तिथे बरीच वर्षं उमेदवारी करून २०१४मध्ये ३.१७ला मुख्य कर्नलमध्ये गेलं. म्हणजे आज हे कुठून तरी उतरवून बसवायचं प्रकरण राहिलेलं नाही, बहुतेक वितरणांत त्याची मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचे तुकडे, आधीच असतात.

यूएसबीचा ड्रायव्हर वस्तूशी बोलतो ते यूआरबी नावाच्या विनंत्यांमधून. एरवी या विनंत्या मशीनमधल्या होस्ट कंट्रोलरकडे जातात. लॅपटॉपवर व्हीएचसीआय-एचसीडी हे मॉड्यूल चढवलं की एक खोटा कंट्रोलर उभा राहतो. त्याच्याकडे आलेली विनंती तो ४८ बाइटांच्या शीर्षकात गुंडाळून टीसीपीवरून रास्पबेरीला पाठवतो. तिथे यूएसबीआयपी-होस्ट हे मॉड्यूल ती उलगडून खऱ्या कंट्रोलरला देतं, उत्तर त्याच वाटेने परत. लॅपटॉपवरच्या एलएसयूएसबीला (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी आज्ञा) टोकन अगदी खरंखुरं दिसतं, वरच्या सॉफ्टवेअरला काही संशय येत नाही.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रास्पबेरीवर यूएसबीआयपीडी नावाचा डीमन (पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्राम) ३२४० पोर्टवर बसलेला असतो. तो फक्त ओळख करून देतो: कोणतं टोकन हवं, मोकळं आहे का, घ्या मग. एकदा जुळलं की तो उघडं सॉकेट, म्हणजे चालू जोडणी, कर्नलच्या हवाली करतो आणि पुढचा संसार दोन कर्नलांचा. लग्न जमवून देऊन मध्यस्थ निघून जातो तसं. म्हणून डीमन बंद केला तरी आधी जोडलेलं टोकन चालूच राहतं. ‘सर्व्हिस थांबवली, आता कुणी वापरू शकत नाही’ असं समजून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत.

प्रत्येक विनंतीला जाऊन-येऊन एक फेरी लागते, आणि हे तंत्र कुठे चालेल, कुठे रडेल ते या फेऱ्यांवरच ठरतं. नाशिक-पुणे व्हीपीएनवरून एक फेरी ४० मिलिसेकंदांची धरू. टोकनाशी होणारी देवाणघेवाण चिमुकली असते, दरवेळी दोन-तीनशे बाइट. एका सहीसाठी समजा पन्नास देवाणघेवाणी झाल्या आणि प्रत्येकीला दोन फेऱ्या लागल्या, तर चार सेकंद. चालतंय की. आता डिस्क बघा. साध्या यूएसबी डिस्कच्या पद्धतीत प्रत्येक वाचनाला तीन टप्पे: आज्ञा, माहिती, आणि झालं का नाही याचं उत्तर. लिनक्स एका आज्ञेत डीफॉल्टने २४० सेक्टर, म्हणजे १२० केबी मागतं. तीन फेऱ्यांचे १२० मिलिसेकंद, त्यात १२० केबी. झाला हिशोब: सेकंदाला जेमतेम १ एमबी, तुमची लाइन कितीही जाड असो. त्या वेगाने २ टीबी उतरवायला २३ दिवस लागतील. शिवाय मध्ये नेटवर्क गेलं तर फाइलसिस्टमच्या दृष्टीने कुणीतरी चालू लेखनात डिस्क उपटली. डिस्क सांबावरच ठेवा.

वेबकॅम आणि साउंड कार्ड यांना ठरावीक वेळेला ठरावीक डेटा लागतो, उशिरा आलेला निरुपयोगी. ऑफिसच्या तारेच्या लॅनवर कधी चालतात, वायफायवर नाही. विषय सोडून द्या.

आता प्रत्यक्ष जोडणी. रास्पबेरीवर डेबियन घराण्याची प्रणाली आहे, तिथे यूएसबीआयपी याच नावाचं पॅकेज मिळतं. उबुंटूवर ते लिनक्स-टूल्स-जेनेरिक या पॅकेजच्या पोटात असतं, सोबत वस्तूंची नावं दिसावीत म्हणून एचडब्ल्यूडेटा बसवा. उबुंटूवर कर्नल अद्ययावत झाला आणि त्याच्या जोडीची टूल्स आली नाहीत, तर आज्ञा ‘या कर्नलसाठी सापडत नाही’ म्हणून हात वर करते. घाबरू नका, त्या आवृत्तीची टूल्स बसवली की झालं. मॉड्यूलच सापडत नसेल तर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा बघा.

रास्पबेरीवर:

सुडो मॉडप्रोब यूएसबीआयपी-होस्ट
सुडो यूएसबीआयपीडी -डी
यूएसबीआयपी लिस्ट -एल

यातला ‘डी’ मोठा. लहान ‘डी’ म्हणजे डीबग, मग डीमन पडद्यावर बडबडत बसतो. यादीत तुमचं टोकन काहीसं असं दिसेल: बसआयडी १-१.४, पुढे ०९६ई:०८०७. विसर्गाच्या डावीकडचा आकडा बनवणाऱ्याचा, उजवीकडचा मॉडेलचा. हा नमुना फाइटियनच्या ईपास २००३चा आहे, तुमचा वेगळा असू शकतो. बसआयडी मात्र वस्तूचा नाही, भोकाचा आहे. १-१.४ म्हणजे पहिली बस, तिच्या पहिल्या पोर्टवरचा हब, त्या हबचं चौथं भोक. सफाईवाल्या मावशींनी टोकन काढून शेजारच्या भोकात खोचलं की तुमची स्क्रिप्ट मेली. त्या भोकाशेजारी एक लाल स्टिकर चिकटवा. हसू नका, मी सहा ठिकाणी चिकटवलाय.

मग टोकनाचा ताबा यूएसबीआयपीकडे द्यायचा, म्हणजे बाइंड:

सुडो यूएसबीआयपी बाइंड -बी १-१.४

रास्पबेरीवर पीसीएससीडी (स्मार्टकार्ड आणि टोकनांशी बोलणारा डीमन) बसवलेलं असेल तर आधी त्याची सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही बंद करा. नुसती सर्व्हिस बंद केली तर सॉकेट तिला पुन्हा उठवतं आणि टोकनावरून ओढाताण सुरू होते. रास्पबेरीला सही करायची नाही, तिथे त्या डीमनचं काही कामच नाही.

लॅपटॉपवर:

सुडो मॉडप्रोब व्हीएचसीआय-एचसीडी
यूएसबीआयपी लिस्ट -आर १०.८.०.२
सुडो यूएसबीआयपी अटॅच -आर १०.८.०.२ -बी १-१.४

पत्ता माझ्या उदाहरणातला, तुमचा व्हीपीएनमधला घाला. आता एलएसयूएसबी चालवा, टोकन दिसेल. ‘यूएसबीआयपी पोर्ट’ लिहिलंत की कोणत्या खोट्या पोर्टवर बसलंय ते कळतं, बहुधा ००. काम झालं की ‘यूएसबीआयपी डिटॅच -पी ००’. पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल आणि तुम्ही विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवलं असेल, तर टोकन उबुंटूवर जोडून तिथून ते नेहमीच्या पद्धतीने व्हर्च्युअल मशीनला द्या. खोट्या कंट्रोलरवरची वस्तू त्यालाही खरीच वाटते.

इथपर्यंत दहा मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक लेख इथेच संपतात. पुढची दुखणी दुसऱ्या दिवसापासून सुरू होतात.

पहिलं: रास्पबेरी बंद होऊन चालू झाला की बाइंड विसरतो. मॉड्यूलचं नाव मॉड्यूल्स-लोड.डी फोल्डरातल्या फाइलीत लिहा, डीमनसाठी सिस्टमडीचं (सर्व्हिसेस सुरू-बंद करणारी यंत्रणा) छोटं युनिट लिहा, आणि टोकनाच्या बाइंडसाठी यूडेव्हचा (वस्तू खोचली की काय करायचं ते ठरवणारा) नियम ठेवा. नियम बनवणाऱ्याच्या आणि मॉडेलच्या आकड्यावर लावायचा, म्हणजे भोक बदललं तरी नियम टोकनाला ओळखतो. फक्त लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टला नवा बसआयडी यादीतून शोधायला शिकवावं लागतं. नियमातून थेट आज्ञा चालवण्यापेक्षा सिस्टमडीचं साचा-युनिट उठवा आणि बसआयडी त्याला नावातून द्या. त्या युनिटमध्ये टक्क्यापुढे लहान ‘आय’च लिहा. मोठा ‘आय’ लिहिलात तर सिस्टमडी नावातल्या आडव्या रेघेची तिरकी रेघ करून टाकतं, १-१.४ची जागा १/१.४ घेतं आणि युनिट गुपचूप नापास होतं. या एका अक्षरापायी माझा एक रविवार गेलाय.

दुसरं, आणि सगळ्यांत त्रासदायक: अर्धवट मेलेली जोडणी. घडलेलं सांगतो. ऑक्टोबरअखेर, एओसी-४ (कंपनीच्या वार्षिक हिशोबांचा फॉर्म) भरायची घाई. संध्याकाळी मी टोकन जोडून एका क्लायंटची चाचणी घेतली, लॅपटॉपचं झाकण लावलं, बॅगेत टाकला आणि निघालो. घरी येऊन बॅग उघडली तर आत तवा. लॅपटॉप झोपलाच नव्हता. बॅगेत दोन तास जागा राहून बॅटरी संपवून बंद पडला होता. लॉगमध्ये व्हीएचसीआयने स्वच्छ लिहून ठेवलेलं: एक जोडणी चालू आहे, झोपू नका. हा बिघाड नव्हे, ते मॉड्यूल तसंच लिहिलंय. जोडणी चालू असताना ते मशीनला सस्पेंड होऊ देत नाही.

दुष्काळात तेरावा महिना असा की दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून फोन: टोकन यादीतच नाही. खोचलेलं होतं, दिवा लागत होता. झालं होतं ते असं. लॅपटॉप वीज संपून गेला, ‘येतो’ म्हणायला राहिला नाही. समोरचा गेला हे टीसीपीला आपणहून कळत नाही. इकडून काही पाठवलं आणि पोच आली नाही, तरच शंका येते. टोकन हा अबोल प्राणी, विचारल्याशिवाय बोलत नाही. म्हणून रास्पबेरीच्या हिशोबी टोकन अजून माझ्याकडेच होतं, आणि दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू डीमन यादीत दाखवत नाही.

अशा वेळी रास्पबेरीवर ही जागा बघायची:

/सिस/बस/यूएसबी/ड्रायव्हर्स/यूएसबीआयपी-होस्ट/१-१.४/

तिथल्या यूएसबीआयपी_स्टेटस फाइलीत १ असेल तर टोकन मोकळं, २ असेल तर कुणाकडे तरी, ३ म्हणजे गडबड. २ दिसलं आणि कुणी वापरत नाहीये याची फोनवर खात्री झाली, की शेजारच्या यूएसबीआयपी_सॉकएफडी फाइलीत उणे एक लिहा. कर्नल ती जोडणी तोडतो, स्टेटस १वर येतं. टोकन उपटून पुन्हा खोचण्यापेक्षा हे बरं, कारण त्यासाठी कुणाला नाशिकच्या ऑफिसचं कुलूप उघडायला लागत नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. लॅपटॉपवर सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरात चार ओळींची स्क्रिप्ट ठेवली: पहिला शब्द ‘प्री’ आला, म्हणजे झोपायची वेळ झाली, की सगळे पोर्ट डिटॅच. आणि टोकन जोडायला आज्ञा हाताने मारणं बंद केलं. एक स्क्रिप्ट आहे; ती जोडते, पंधरा मिनिटं थांबते, सोडते. सही पंधरा मिनिटांत होते. नाही झाली तर पोर्टल बसलंय, म्हणजे टोकन धरून ठेवून तरी काय उपयोग.

उलटी बाजूही सांगून ठेवतो. नाशिकला वीज गेली आणि रास्पबेरी बंद पडला, तर लॅपटॉपवरचं सही करणारं सॉफ्टवेअर लटकतं. लिनक्सचा टीसीपी डीफॉल्टने १५ वेळा पुन्हा पाठवून पाहतो, त्यात पंधरा मिनिटांच्या वर जातात. लॅपटॉपवर टीसीपी_रिट्राइज२ हा आकडा ८वर आणा, साधारण पावणेदोन मिनिटांत फैसला होतो. त्याहून खाली नेऊ नका, मोबाइल हॉटस्पॉटवर बाकीच्या जोडण्या उगाच तुटायला लागतील.

आता सुरक्षितता. यूएसबीआयपीमध्ये पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही. ३२४०पर्यंत पोचणारा कुणीही तुमचं टोकन स्वतःकडे जोडून घेऊ शकतो. टोकनाचा पासवर्ड त्याला माहीत नसेल, पण ठरावीक वेळा चुकीचा टाकून तो टोकन लॉक करू शकतो, आणि तुम्ही स्वतः टाकलेला पासवर्ड वाटेत बसलेला कुणी ऐकूही शकतो. म्हणून राउटरमध्ये ३२४० फॉरवर्ड करायचा विचारही नको. तसा बहुतेकांना तो करताच येत नाही म्हणा, कारण इंटरनेट देणाऱ्या कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात आणि बाहेरून आत येणारी वाटच बंद असते. ती अडचण सोडवायला वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर लागतंच: एक स्वस्तातला भाड्याचा सर्व्हर मध्ये घ्या, रास्पबेरी आणि लॅपटॉप दोघांनी आपणहून त्याच्याकडे जायचं, आणि पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंदांवर ठेवायचं म्हणजे वाट बुजत नाही. रास्पबेरीच्या फायरवॉलमध्ये ३२४० फक्त डब्ल्यूजी० या इंटरफेसवरून उघडा. यूएसबीआयपीडी सगळ्या इंटरफेसवर ऐकत बसतो, त्यामुळे हे काम फायरवॉललाच करावं लागतं. ऑफिसच्या वायफायवरून बंद म्हणजे बंद, पाहुण्यांना पासवर्ड आपणच देतो.

वायरगार्डचा खटाटोप नको आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) आधीच चालू असेल तर त्याचा बोगदाही चालतो: लॅपटॉपचा ३२४० रास्पबेरीच्या ३२४०ला जोडून अटॅच करताना पत्ता १२७.०.०.१ द्या. फक्त एसएसएच तुटलं की टोकन हवेतच उपटल्यासारखं होतं.

धोका दुसऱ्या दिशेनेही आहे, त्याबद्दल कमी बोललं जातं. अनोळखी सर्व्हरची वस्तू अटॅच करणं म्हणजे रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह खोचण्यासारखं. टोकन म्हणून आलेली वस्तू स्वतःला कीबोर्ड म्हणवू शकते. शिवाय येणारी पाकिटं थेट कर्नल उलगडतो. सीव्हीई-२०१६-३९५५ या चुकीत पाकिटातली खोटी लांबी वापरून कर्नलच्या स्मृतीत मर्यादेबाहेर लिहिता येत होतं. ती केव्हाच दुरुस्त झाली, पण दोन्ही टोकांचे कर्नल ताजे ठेवा.

विचारलं नाहीत तरी कायद्याचं सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४२नुसार खाजगी किल्लीवर आपला ताबा राहील याची काळजी घेणं सहीच्या धन्यावर बंधनकारक आहे. किल्ली टोकनाच्या बाहेर पडू नये अशी रचना मुद्दाम केलेली असते. स्वतःचं टोकन स्वतःच दुरून वापरणं वेगळं. क्लायंटांची बारा टोकनं एका हबवर लावून ऑफिसातल्या कुणीही कुठूनही सह्या ठोकणं वेगळं. मला ही दुसरी मांडणी करून द्यायला तीन वेळा सांगितलं गेलं, तिन्ही वेळा नाही म्हणालो. उद्या संचालक म्हणाला ‘ही सही मी केलीच नाही’, तर तुमच्या लॉगमध्ये सापडणार काय? एक आयपी पत्ता. तुमच्या बाबतीतही टोकन तुमचं स्वतःचंच असेल असं धरूनच वरचं सगळं लिहिलंय. आणि तसं असेल तर एक बारीकसा पर्याय सुचवून पाहतो: किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवा. दोनदा विसरलात म्हणून वायरगार्ड उभारताय, ठीक आहे, पण जुडग्याला लावलेलं टोकन मागे राहत नाही.

राहिला प्रिंटर. एरवी कप्सवर सोडला असता, पण एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या स्वतःच्या भाषेत बोलतो आणि लिनक्ससाठी कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर इंटेल घराण्याच्या प्रोसेसरसाठीच आहे. रास्पबेरीचा प्रोसेसर एआरएम, तिथे तो चालणार नाही. वाटा तीन. ऑफिसात इंटेलवाला एखादा डेस्कटॉप लिनक्सवर असेल तर प्रिंटर थेट त्यालाच लावून तिथे कप्स चालवा. ही वाट सगळ्यांत कंटाळवाणी आणि म्हणून सगळ्यांत चांगली. दुसरी, मुक्त स्रोतातला कॅप्टड्रायव्हर रास्पबेरीवर स्वतः कंपाइल करून घ्या, २९०० त्यावर चालतो. तिसरी, प्रिंटरची जागा रास्पबेरीजवळच असणार आणि डेस्कटॉप दुसऱ्या खोलीत, तर प्रिंटर रास्पबेरीवर बाइंड करून डेस्कटॉपवर अटॅच करा आणि कप्स डेस्कटॉपवर बसवा. ऑफिसच्या तारेच्या लॅनवर हे व्यवस्थित चालतं. तिथे जोडणी कायमची असते, म्हणून डेस्कटॉपचं झोपणं बंद ठेवा आणि प्रिंटर बंद करून चालू केला की पुन्हा अटॅच करणारं काहीतरी हवं. मी दर मिनिटाला ‘यूएसबीआयपी पोर्ट’ बघणारा टायमर लावतो. दिसायला गावठी आहे, चालतो.

यूएसबीआयपी अगदीच नको असेल तर यूएसबीरिडायरेक्ट आहे. क्यूईएमयूच्या व्हर्च्युअल मशीनला वस्तू द्यायची असेल तर ते अधिक सुटसुटीत पडतं. व्हर्च्युअलहिअर हे विकतचं, बंद स्रोताचं. ज्यांना विंडोज, मॅक सगळं एकाच झाडाखाली हवं ते घेतात. विंडोजवरून यूएसबीआयपीचीच वस्तू घ्यायची तर यूएसबीआयपी-विन२ नावाचा क्लायंट आहे. विंडोजला खोचलेली वस्तू लिनक्सला द्यायची तर यूएसबीआयपीडी-विन. नावं सारखी, कामं उलटी, डाउनलोड करताना बघून घ्या.

आणि टोकन मधूनच गायब होऊन डीमेसगमध्ये (कर्नलचा लॉग दाखवणारी आज्ञा) ‘एरर -७१’ दिसायला लागलं तर नेटवर्कच्या मागे लागू नका. रास्पबेरी पाय ४ची चारही यूएसबी भोकं मिळून १.२ अँपिअर देतात, आणि त्यातला मोठा वाटा तुमची हार्ड डिस्क खाऊन बसलेली असते. डिस्क वेगळ्या वीजपुरवठ्याच्या हबवर लावा, टोकन थेट रास्पबेरीवर, लाल स्टिकरच्या भोकात.